मनगटावरचे घड्याळ आणि छातीतला कफ

पावले मोजणारी घड्याळे आता लहान गावांतल्या दुकानांतही मिळतात. मधुमेहाचे रुग्ण आणि वजन उतरवू पाहणारी मंडळी ती हौसेने वापरतात. ‘सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या आमच्या मुलाला अशा घड्याळाचा फायदा होईल का?’ असे एका पालकांनी पत्रातून विचारले आहे. आज त्याविषयी.

प्रथम आजार समजून घेऊ. तो जन्मजात आहे; एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे तो होतो. हे जनुक १९८९ साली सापडले. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मूल आजारी होते. पेशींतून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडल्याने फुप्फुसांतला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात नीट उतरत नाही, त्यामुळे मूल पोटभर जेवूनही अंग धरत नाही. घाम फार खारट असतो. बाळाची पापी घेतली की ओठांना मीठ लागते. आपल्याकडे असा खोकला बरेचदा क्षय किंवा दमा समजला जातो. घामातील क्षाराची चाचणी केली की निदानाला दिशा मिळते.

अशा मुलाला घरचे मायेपोटी म्हणतात, ‘धावू नकोस, दम लागेल.’ मी पालकांना सांगतो, थोडा दम लागू द्या! श्वास जोरात चालला, अंग हलले की चिकट कफ सुटायला मदत होते. हाडे व स्नायू बळकट होतात. अमेरिकेत १०९ रुग्णांवर आठ वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाची क्षमता सर्वांत चांगली असलेल्या गटातील ८३ टक्के रुग्ण आठ वर्षांनी हयात होते, सर्वांत कमी क्षमतेच्या गटातील फक्त २८ टक्के. ज्यांचा आजार मुळात सौम्य, ते अधिक तंदुरुस्त असणार, हेही लक्षात ठेवायला हवे. तरीही हे आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

आता घड्याळाकडे वळू. ते मनगटाच्या हालचालीवरून पावले मोजते, तर मागच्या हिरव्या प्रकाशावरून नाडी. आकडा अगदी अचूक नसतो, पण कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, एवढे कळायला पुरेसा असतो. दहा हजार पावलांचा आग्रह मात्र धरू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला; तो या रुग्णांसाठी ठरवलेला नाही. पहिला आठवडा नुसती नोंद करा. रोजची सरासरी समजा तीन हजार आली, तर पुढच्या आठवड्यात साडेतीन हजारांचे लक्ष्य ठेवा. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा.

या घड्याळांवर या आजारात झालेले अभ्यास अजून लहान आहेत. घड्याळाने फुप्फुसे सुधारतात, असे सिद्ध झालेले नाही. नवलाई ओसरली की ते खणात पडून राहते, हा घरोघरचा अनुभव आहे. म्हणून आठवड्यातून एकदा कोणीतरी आकडे पाहून ‘शाब्बास’ म्हणणारे हवे. आजोबा म्हणाले तरी चालेल.

घड्याळाचा आणखी एक उपयोग आहे. या आजाराच्या दोन रुग्णांनी एकमेकांच्या जवळ येऊ नये, कारण एकाच्या कफातील जंतू दुसऱ्याला लागू शकतात. त्यामुळे त्यांना एकत्र खेळता येत नाही. पण फोनवरून पावलांची पैज लावता येते! एकटेपणाने कंटाळलेल्या मुलाला याचा मोठा आधार वाटतो.

काही गोष्टी जरूर पाळाव्यात :

• घड्याळातले ‘कॅलरी जाळण्याचे’ लक्ष्य बंद ठेवा. या मुलांचे वजन वाढायला हवे. व्यायाम वाढला की आहारही वाढवा.

• उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी खेळू द्या. घामावाटे मीठ फार जाते. पाण्याबरोबर मीठ किती द्यायचे, ते डॉक्टरांना विचारा.

• नुसती पावले पुरेशी नाहीत. दोरीवरच्या उड्या, सायकल, लगोरी असे दम लागणारे खेळ हवेत.

• छातीचा व्यायाम, वाफारा व औषधे यांना घड्याळ पर्याय नाही.

• ताप, कफात रक्त, छातीत एकाएकी दुखणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. आजार बळावलेल्या रुग्णाने आधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

२०१९ पासून परदेशात या आजारावर प्रभावी नवी औषधे आली आहेत. पण त्यांची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे. धावणे आणि खेळणे मात्र आपल्या हातात आहे. घड्याळ परवडत नसेल, तर खिशातला फोनही पावले मोजतो. तोही नसेल, तर कॅलेंडरवर रोज एक फुली मारा. साधन कोणतेही असो, मूल रोज अंगणात उतरले पाहिजे.