न दिसणारा उतार

रात्री नऊ-साडेनऊला पुण्यातल्या आंबेगावच्या बाजूला महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर उभं राहिलं, की आधी वास येतो. ब्रेकच्या जळक्या लायनरचा. रबर जळल्यासारखा, पण त्याहून कडवट, घशाला लागणारा. मागोमाग आवाज येतो, हवेच्या ब्रेकचा, फुस्स... फुस्स. ज्या ट्रकचा फुस्स ऐकू येतो आणि सोबत इंजिनही गुरगुरतं, त्याची कुणाला काळजी नसते. जो आवाज न करता नुसता घरंगळत येतो, त्याच्याकडे पानटपरीवरची माणसं बोलणं अर्ध्यावर सोडून मान वळवतात. ही सवय इथल्या लोकांना गेल्या काही वर्षांत लागली आहे.

नव्या कात्रज बोगद्याच्या पुण्याकडच्या तोंडापासून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, भूमकर चौक आणि नवले पूल. सगळं मिळून सहाएक किलोमीटर. साताऱ्याहून येणाऱ्याला हे अंतर पाच-सात मिनिटांचं. पुण्याच्या वर्तमानपत्रांत मात्र या सहा किलोमीटरनी जेवढी जागा घेतली, तेवढी अख्ख्या पुणे–बंगळूर रस्त्याने घेतली नसेल.

याआधीचा रस्ता जुन्या घाटाचा. स्वारगेटहून सुटलेली साताऱ्याची एसटी कात्रज सोडून वळणं चढू लागली, की ड्रायव्हर गिअर खाली घ्यायचा आणि गाडीतल्या गप्पा आपोआप बंद व्हायच्या, कारण इंजिनापुढे काही ऐकूच यायचं नाही. कठड्याचे चुना लावलेले दगड, माकडं, वर इंग्रजी अमदानीतला अरुंद बोगदा. परतीला तीच वळणं उलट्या क्रमाने. त्या काळच्या ड्रायव्हर लोकांचा एक पाठ असायचा, क्लिनरला पहिल्या आठवड्यात शिकवलेला: ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. जुन्या घाटात अपघात होत नव्हते असं नाही. ट्रक कठडा तोडून खाली जायचे, पावसाळ्यात दरडी यायच्या. पण तिथे वेगमर्यादेची पाटी ही चैनीची गोष्ट होती. समोर काटकोनात वळण असताना किती वेगाने जायचं हे डोंगरच सांगत असे.

मग सुवर्ण चतुष्कोन आला. मुंबई–चेन्नई हा जुना राष्ट्रीय महामार्ग चार (आता त्याचा क्रमांक ४८) रुंद झाला, देहूरोडपासून कात्रजपर्यंत शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता झाला आणि डोंगराच्या पोटातून सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा, जाण्या-येण्याचे वेगळे असा जोडबोगदा निघाला. घाटातली ती कसरत संपली याचा सगळ्यांनाच आनंद झाला, मलाही झाला. सातारा अर्ध्या तासाने जवळ आला.

वळणं गेली, उतार मात्र राहिला. डोंगराची उंची कुठे जाणार? जुना घाट ती वळणावळणाने, थांबत थांबत उतरवत होता. नवा रस्ता तीच उंची जवळजवळ सरळ उतरवतो. आणि मुख्य म्हणजे तो उतार दिसत नाही. तीन मार्गिका, मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना इमारती, समोर शहराचे दिवे. डोळ्यांना हा सपाट रस्ता वाटतो. लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडेच धाडलं, त्यावरून मराठीत ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार आला अशी आख्यायिका आहे. आता घाट दाखवायची गरजच उरलेली नाही. तो लपलेला आहे, आणि फसगत त्यामुळेच होते.

दुसरी गोष्ट शहराने केली. बाह्यवळण रस्ता हा नावाप्रमाणे शहराबाहेरचा होता, तेव्हा नऱ्हे, आंबेगाव, वडगाव, धायरी इथे शेतं होती आणि मधूनमधून कॉलेजं. मग सोसायट्या आल्या, वसतिगृहं आली, मेस आल्या. आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेत आलं, नऱ्हे २०२१ मध्ये. सेवारस्ता कुठे आहे, कुठे अचानक संपतो. त्यामुळे दूध आणायला निघालेला दुचाकीवाला आणि बंगळूरहून चौदा तास गाडी हाकत आलेला कंटेनरवाला एकाच डांबरावर येतात. एकासाठी तो गल्लीतून मंडईत जायचा रस्ता, दुसऱ्यासाठी मुंबईपर्यंतचा शेवटचा टप्पा. दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत, ही खरी अडचण.

२० नोव्हेंबर २०२२, रविवार, रात्रीची वेळ. साताऱ्याकडून आलेला एक मालट्रक नवले पुलाजवळच्या गर्दीत घुसला आणि गाड्यांवर गाड्या आदळत गेल्या. सुरुवातीला ४८ गाड्यांची बातमी देशभर गेली. नंतर मोजदाद झाली तेव्हा आकडा निम्म्यावर आला. जखमी बरेच झाले, जीव कुणाचा गेला नाही. चुराडा झालेल्या त्या मोटारींचे फोटो पाहिले तर हे पटत नाही. ब्रेक निकामी झाले असं आधी सांगितलं गेलं. तपासात पुढे आलं ते वेगळंच: इंधन वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केलं होतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीची नाडी इथे आहे. खेड शिवापूरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर सांगलीकडचे एक ड्रायव्हर भेटले होते, पन्नाशीचे, गळ्यात मफलर. मी विचारलं, “काका, उतारावर न्यूट्रल का मारतात लोक? जीव जातो की.” ते हसले. “मालक डिझेल मोजून देतो साहेब. खंबाटकीला चढताना जेवढं जळालं, ते कात्रजला वसूल करायचं. नाय केलं तर पगारातनं जातं.” आणि मग चहाचा ग्लास ठेवत म्हणाले, “मी नाय करत. पण पोरांना कोण सांगणार?”

गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की हा हिशेबच आता खोटा आहे. नव्या डिझेल इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला, की इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जळतच राहतं. म्हणजे पैसे वाचवायच्या नादात उलटे खर्च होतात. आणि इंजिनच बंद केलं तर मग बोलायलाच नको. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, स्टिअरिंग हलकं करणारा पंपही त्यावरच. पाय दाबेल तेवढी टाकीतली हवा संपत जाते. इंजिन ब्रेक नाही, एक्झॉस्ट ब्रेक नाही, सगळा भार चाकांतल्या लायनरवर. ते तापतात, तापले की पकड सोडतात. सेवारस्त्यावर येणारा तो कडवट वास म्हणजे हेच. ड्रायव्हर नंतर पोलिसांना सांगतो, ‘ब्रेक लागेनात.’ खोटं बोलत नाही तो. त्या क्षणी ते खरंच लागत नसतात. पण ते वरच, बोगद्याच्या तोंडाशी गेलेले असतात.

२०२३ साल तर वाईटच गेलं. एप्रिलमध्ये पहाटे स्वामीनारायण मंदिराजवळ ट्रक आणि खासगी प्रवासी बस यांच्या धडकेत चार जण गेले. ऑक्टोबरमध्ये त्याच परिसरात ट्रकने कंटेनरला धडकून पेट घेतला, त्यात चार जण होरपळून मेले. मधल्या काळात रम्बलर बसले, वेग मोजणारी यंत्रं आली, अतिक्रमणं हटली, परत बसली. पाहणी दौरे झाले. जड वाहनांसाठी बोगद्यापासून नवले पुलापर्यंत ताशी ४० ची मर्यादा आली.

आणि १३ नोव्हेंबर २०२५. उतारावरून सुटलेला कंटेनर वाटेतल्या गाड्यांना उडवत आला आणि दोन अवजड वाहनांच्या मधे एक मोटार चेपली गेली. आग लागली. आठ जण गेले. त्यानंतर भूमकर चौक ते नवले पूल या पट्ट्यात ६० ची मर्यादा ३० वर आणायचा निर्णय झाला.

एकाच रस्त्यावर या आकड्यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी महामार्गांवर मोटारींना १०० आणि मालवाहू वाहनांना ८० ची कमाल मर्यादा ठरवली; रस्त्यांचा दर्जा सुधारला, गाड्या सुधारल्या, असा त्यामागचा विचार. इथे त्याच काळात आपण ६० वर, ४० वर आणि शेवटी ३० वर आलो. दर मोठ्या अपघातानंतर पाटीवरचा आकडा खाली. पाटी बदलायला फारसा खर्च येत नाही, त्यामुळे तो उपाय सर्वांत आधी सुचतो. १८६५ साली इंग्लंडमध्ये यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवायचा कायदा होता. आपण त्या दिशेने बरेच आलो आहोत.

वेग कमी करणं चुकीचं, असं मला म्हणायचं नाही. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडीतली धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ६० च्या गाडीत ४० च्या गाडीच्या सव्वादोन पट. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या कारणाच्या रकान्यात अतिवेग आहे. महाराष्ट्रातच त्या वर्षी पंधरा हजारांवर मृत्यू झाले. आकडे वाद घालू देत नाहीत.

पण तीन मार्गिकांचा सरळ रस्ता बांधायचा आणि तिथे ३० ची पाटी लावायची, म्हणजे रस्ता एक सांगतो आणि पाटी दुसरं. माणूस रस्त्याचं ऐकतो. कॅमेऱ्याचा खांब दिसला की ब्रेक, खांब गेला की पुन्हा पाय खाली. हे आपण सगळेच करतो, ट्रकवाल्यालाच का बोला. शिवाय काही जण ३० ने जातात, काही ६० ने. वेगातली ही तफावत घातक, कारण इथले मोठे अपघात मागून आदळण्याचे आहेत. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात अतिवेगासाठी हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि जड वाहनाला दोन ते चार हजार आहेत. महाराष्ट्राने तो दोन वर्षं लांबवून डिसेंबर २०२१ मध्ये लागू केला. माल उशिरा पोचला म्हणून भाड्यातून कापली जाणारी रक्कम याहून जास्त असते. ड्रायव्हर कुणाला घाबरेल, हे सांगायला नको.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण जवळचं आहे. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू झाले होते. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१ मध्ये त्याच रस्त्यावर गेल्या, अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ मध्ये. दर वेळी आठवडाभर हळहळ आणि मग विसर. २०१६ पासून मात्र प्रत्येक अपघाताची जागा पाहून कठडे, उघडे खांब, चुकीच्या जागी थांबलेले ट्रक यांवर एकेक करून काम झालं आणि पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. फार नाही, पण आला. कंटाळवाणं काम होतं ते, त्यात फीत कापायला काही नव्हतं.

कात्रजला हे करायचं तर सुरुवात नवले पुलाशी करून भागणार नाही. तिथे गाडी पोचेपर्यंत लायनर जळून गेलेले असतात. जड वाहनाला थांबवायचं ते उतार सुरू व्हायच्या आधी, बोगद्याच्या साताऱ्याकडच्या बाजूला: गाडी उभी करा, ब्रेक थंड करा, हवेचा काटा दाखवा, खालच्या गिअरमध्ये टाका आणि मग निघा. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर अशा तपासणीची चर्चा झाली आहे. ती रोज, रात्री दोनलाही, होते का, यावर सगळं अवलंबून आहे. आणि जे मालक ड्रायव्हरच्या पगारातून डिझेल कापतात, त्यांना अपघाताच्या गुन्ह्यात आणल्याशिवाय न्यूट्रल सुटणार नाही, असं माझं मत आहे. आज गुन्हा ड्रायव्हरवर नोंदवतात, हिशेबाची वही कुणी मागत नाही.

तोवर मोटारवाल्यांसाठी एकच. साताऱ्याहून येताना बोगद्यातून बाहेर पडलात आणि डावीकडे सावकाश उतरणारा भरलेला ट्रक दिसला, तर त्याच्या पुढे घुसू नका. त्याच्यासमोर जी मोकळी जागा दिसते ती तुमच्यासाठी नाही. ती त्याने थांबता यावं म्हणून राखलेली असते.