एका जुन्या पिनबॉल-यंत्राची विक्री

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही शिकागोच्या एका उपनगरांत आमच्या ज्येष्ठ चिरंजीवांकडे चार महिने होतों. त्यांनीं घर बदलावयाचें ठरविलें होतें. सर्व सामानाची वाट लागली होती. तळघरांत पूर्वीच्या मालकानें सोडून दिलेलें एक अवजड यंत्र तेवढें विकावयाचें राहिलें होतें. चार पायांवर उभी असलेली, वर कांच बसविलेली एक उतरती पेटी, आणि तिच्या डोक्याकडे चित्रें रंगविलेलें उभें कपाट, असें त्याचें रूप होतें. यास पिनबॉल म्हणतात.

वाचकांपैकीं अनेकांनीं बाळपणीं बॅगाटेलची फळी खेळलेली असेल. खिळ्यांच्या कुंपणांतून गोळी सोडावयाची आणि ती ज्या घरांत विसावेल तितके गुण मोजावयाचे. पिनबॉल हें त्याच फळीचें वंशज होय. १८७१ सालीं अमेरिकेंत माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें गोळी उडविण्यासाठीं स्प्रिंगच्या दट्ट्याचें पेटंट मिळविलें. १९३१ सालीं शिकागोच्या गॉटलीब कंपनीनें ‘बॅफल बॉल’ हा नाणें टाकून खेळावयाचा खेळ काढला, आणि तो मंदीच्या त्या दिवसांतहि अतोनात खपला. पुढें १९४७ सालीं त्याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या खेळांत खालीं येणारी गोळी परतविणारे, बटण दाबतांच हालणारे लहान हात आले. त्यांस फ्लिपर म्हणतात. तेथपर्यंत सारा भार दैवावर होता. आतां खेळणाराच्या हातालाहि कांहीं काम मिळालें.

हें आम्हांस मागाहून कळलें. यंत्र प्रथम पाहिलें तेव्हां हें जुगाराचें साधन घरांत कशास, असेंच आम्ही बोलून गेलों. आमच्या मताचे लोक न्यूयॉर्कमध्येंहि होते. मुलांचे खाऊचे पैसे हीं यंत्रें गिळतात, या रोषानें महापौर ला गार्डिया यांनीं १९४२ सालीं तीं जप्त करविलीं आणि हातोड्यांनीं फोडविलीं. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प नांवाच्या एका तरुणानें नगरसभासदांसमोर खेळून, गोळी कोठून जाईल हें आधीं सांगून, ती तेथूनच नेऊन दाखविली; आणि बंदी उठली. चिरंजीवांनीं हें सांगितल्यावर आम्हीं आमचा शब्द मागें घेतला.

आमच्यापुढें असलेलें यंत्र गॉटलीबचेंच, १९६५ सालचें, ‘किंग्ज अँड क्वीन्स’ नांवाचें. त्याच्या पोटांत संगणकाचा लवलेश नाहीं. तारांचीं वेटोळीं आहेत, त्यांत वीज शिरतांच लोखंडी दांडा आंत ओढला जातो. धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जोड्या कितीतरी आहेत. घरची वीज उतरवून वेटोळ्यांस सुमारें २४ आणि दिव्यांस ६ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर आहे. गोळी खुंटीस लागली कीं पट्टीस पट्टी शिवते, रिले ओढला जातो, गुणांचें चक्र एक दांता पुढें सरकतें आणि घंटा वाजते. आम्ही जन्मभर व्याकरण शिकविलेलें. एक प्रत्यय चुकला कीं वाक्याचा अन्वय बिघडतो, तशी येथें एका पट्टीवर धूळ बसली कीं खेळ अडतो, हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली.

दोष पुष्कळ होते. डावा फ्लिपर दुबळा झाला होता, रबराच्या कड्या वाळून तडकल्या होत्या, दहांचें चक्र मधेंच अडत होतें. चिरंजीवांनीं छायाचित्रें काढून जाहिरात लिहावयास घेतली. आणि येथें आमचा उत्साह नडला. गिऱ्हाईक येण्यापूर्वीं यंत्र जरा स्वच्छ दिसावें म्हणून आम्हीं कपाटावरील चित्राची कांच बाहेर काढली आणि ती दोन्ही बाजूंनीं ओल्या फडक्यानें पुसली. हें चित्र कांचेच्या पाठीवर छापलेलें असतें, आणि दिव्यांच्या उष्णतेनें व तळघराच्या ओलीनें त्याचा रंग सुटत आलेला असतो, हें आम्हांस कोठून ठाऊक असणार! फडक्याला रुपयाएवढी तांबडी खपली चिकटून आली. अशा यंत्राच्या किमतीचा मोठा भाग त्या कांचेंत असतो; झिजलेली पट्टी बदलतां येते, गेलेलें मूळ चित्र परत येत नाहीं.

चिरंजीव क्षणभर कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, “बाबा, छायाचित्रें कालचींच आहेत. ‘आहे त्या स्थितींत’ असें लिहून टाकूं.” आमच्याहि मनांत तेंच आलें होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु मनूनें आठव्या अध्यायांत सदोष वस्तु, उणी वस्तु, झांकलेली वस्तु विकूं नये म्हणून सांगितलें आहे, आणि पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत सौदा फिरविण्याची मुभाहि दिली आहे. ‘आहे त्या स्थितींत’ हे शब्द विक्रेत्यास जें ठाऊक नाहीं त्यापुरते ठीक. जें त्यानें आपल्या हातांनीं केलें त्यावर ते पांघरूण घालूं शकत नाहींत. शिवाय दहा वर्षांचा नातू फडकें हातांत धरून शेजारींच उभा होता. कांचेचें नवें छायाचित्र काढलें, आणि जाहिरातींत रंग कोठें, केव्हां व कशानें गेला तें लिहिलें. किंमत बाराशें डॉलर ठेविली.

आठवड्यानें एक वृद्ध गृहस्थ आले. ते विजेच्या कामांतून निवृत्त झालेले होते. यंत्र चालू करून दाखवावें म्हणून आम्ही पुढें झालों तों त्यांनीं आमचा हातच धरला. जुनें यंत्र आधीं उघडून पाहावें, मग वीज द्यावी, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं फ्यूज तपासले. एका जागीं ठरलेल्यापेक्षां मोठा फ्यूज कोणींतरी बसविला होता. फ्यूज जळूं नये म्हणून असें करतात, आणि मग त्याच्याऐवजीं वेटोळें जळतें. हा दोष आम्हां कोणासच ठाऊक नव्हता. अडणाऱ्या चक्रास तेल द्यावें असें आम्ही सुचविलें, त्यावर ते हंसले. जुनें वंगण वाळूनच तें अडतें. तेल न घालतां सुटें करून पुसावें लागतें. फवाऱ्याचें तेल तर मुळींच नको, कारण पट्ट्यांमध्यें ठिणग्या उडतात.

कांचेपाशीं ते बराच वेळ उभे राहिले. उरलेला रंग ते पारदर्शक लेप देऊन धरून ठेवणार होते. गेलेल्या जागीं मात्र नवा रंग भरावयाचा नाहीं म्हणाले. साडेनऊशें डॉलरवर सौदा ठरला. अडीचशें डॉलर त्या फडक्याचे, असा हिशेब आमच्या सूनबाईंनीं हंसत हंसत मांडला, तो आम्हांस मान्य करावा लागला.

नेण्याचें काम दोन तास चाललें. आधीं गोळी काढावयाची, नाहींतर वाटेंत ती आंतली मोडतोड करते. मग कांच काढून कांबळ्यांत उभी बांधावयाची, तारांच्या जोडांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून वरचें कपाट सोडवावयाचें, आणि शेवटीं पाय काढावयाचे. गोळी सांभाळण्याचें काम नातवाकडे दिलें होतें. गाडी निघून गेल्यावर संध्याकाळीं ती त्याच्या खिशांत सांपडली, आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे ती टपालांत टाकून आलों.