जुनी औषधे, नवा विषाणू : उपयोग सिद्ध होतो तरी कसा?

नवी दिल्ली : अनोळखी विषाणू जगभर पसरू लागला की त्यावर नवे औषध शोधण्याइतका अवधी कोणाच्याही हाती नसतो. प्रयोगशाळेतील शोधापासून रुग्णाच्या हाती गोळी पडेपर्यंतचा प्रवास सामान्यतः दशकभराचा असतो. अशा वेळी डॉक्टर, संशोधक आणि सरकारे यांचे लक्ष साहजिकच आधीपासून वापरात असलेल्या औषधांकडे वळते. कोविड-१९ च्या साथीत याच मार्गाने एका स्वस्त औषधाने गंभीर रुग्णांचे प्राण वाचवले आणि याच मार्गाने काही निरुपयोगी औषधे कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली. या दोहोंतील फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न पुढील साथीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

जुन्या औषधांचे आकर्षण

एका आजारासाठी तयार झालेले औषध दुसऱ्या आजारावर उपयुक्त ठरल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला नवीन नाहीत. झिडोव्हुडिन हे औषध १९६४ साली कर्करोगासाठी तयार करण्यात आले. त्या कामी ते अपयशी ठरले. मात्र १९८७ मध्ये एड्सवरील पहिले औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जुन्या औषधांची सुरक्षित मात्रा ठाऊक असते, दुष्परिणामांची नोंद असते, कारखाने उभे असतात आणि पेटंटची मुदत संपलेली असल्यास किंमतही कमी असते. भारतासारख्या जेनेरिक औषधांच्या मोठ्या उत्पादक देशासाठी ही बाब विशेष मोलाची आहे.

परंतु औषध सुरक्षित आहे याचा अर्थ ते नव्या आजारावर गुणकारी आहे, असा होत नाही. शिवाय ही सुरक्षितताही ठरावीक मात्रेपुरती आणि ठरावीक रुग्णांपुरतीच सिद्ध झालेली असते.

पेशींवरील परिणाम आणि शरीरातील वास्तव

२०२० च्या सुरुवातीला हिवतापावरील क्लोरोक्वीन आणि संधिवातातही वापरले जाणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन यांनी प्रयोगशाळेत कोरोना विषाणूची वाढ रोखल्याचे दिसले. हे प्रयोग माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींवर झाले होते. त्या पेशींत विषाणू ज्या मार्गाने शिरतो, त्या मार्गातील आम्लता हे औषध कमी करते आणि विषाणूची वाट अडते. मानवी फुफ्फुसाच्या पेशींत मात्र विषाणूला आणखी एक वाट उपलब्ध असते. तेथे पेशीच्या पृष्ठभागावरील एका विकराच्या साहाय्याने तो थेट आत शिरतो. त्यामुळे फुफ्फुसाच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत क्लोरोक्वीनचा उपयोग झाला नाही.

आयव्हरमेक्टिनची अडचण वेगळी होती. कृमी आणि परजीवींवरील या औषधाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोगशाळेतील पेशींमध्ये ते कोरोना विषाणूला रोखते, असे दाखवले. परंतु त्या प्रयोगात वापरलेली तीव्रता, नेहमीच्या मात्रेत औषध घेतल्यावर माणसाच्या रक्तात आढळणाऱ्या तीव्रतेपेक्षा कितीतरी पट अधिक होती.

बरे वाटणे आणि बरे करणे

कोविडचे बहुसंख्य रुग्ण विशेष औषधाविना बरे होत होते. अशा आजारात कोणतीही गोळी दिली तरी बहुतेकांना ‘गुण’ येणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असे म्हणता येत नाही. औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टर स्वतः ठरवत असतील, तर तुलना आणखी फसवी होते. कारण औषध मिळालेले आणि न मिळालेले रुग्ण वय, सहव्याधी आणि आजाराची तीव्रता या बाबतींत मुळातच वेगळे असू शकतात.

यावरचा उपाय म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणी. कोणाला औषध मिळेल आणि कोणाला केवळ नेहमीचे उपचार, हे जणू नाणेफेकीने ठरवले जाते. रुग्णसंख्या मोठी असेल तर दोन्ही गट जवळपास सारखे होतात आणि उरलेल्या फरकाचे श्रेय किंवा दोष औषधाला देता येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील व्यक्तींसाठी प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची शिफारस केली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयातील उपचारांसाठी त्याच्या आपत्कालीन वापरास परवानगी दिली आणि १५ जूनला ती मागे घेतली. दरम्यान, ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत हे औषध मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के, तर ते न मिळालेल्या ३,१५५ रुग्णांपैकी २५ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत. बाधितांच्या संपर्कात आलेल्या ८२१ व्यक्तींवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १४.३ टक्के व्यक्ती आजारी पडल्या. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, असे विश्लेषणात दिसले. या काळात औषधाची मागणी इतकी वाढली, की ज्यांना ते खरोखरच नियमित लागते अशा ल्युपस आणि संधिवाताच्या काही रुग्णांना ते मिळवताना धावाधाव करावी लागली.

एकच औषध, दोन परिणाम

१९५७ मध्ये प्रथम तयार झालेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अत्यंत स्वस्त आहे. विषाणूजन्य आजारात स्टेरॉइड देण्याबाबत डॉक्टरांमध्ये मतभेद होते, कारण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये या मतभेदांचे उत्तर दिले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांमध्ये ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. उलट अपायाची शक्यता दिसली.

याचे कारण आजाराच्या टप्प्यांत आहे. सुरुवातीच्या दिवसांत शरीर विषाणूशी लढत असते, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणे धोक्याचे ठरू शकते. पुढच्या टप्प्यात काही रुग्णांत हीच प्रतिकारशक्ती अनावर होऊन फुफ्फुसांना इजा करते, तेव्हा तिला आवर घालणे जीवनदायी ठरते. याच तत्त्वावर संधिवातावरील टोसिलिझुमॅब आणि बॅरिसिटिनिब ही औषधेही गंभीर रुग्णांत उपयुक्त ठरली.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्येच डेक्सामेथासोनचा उपचारपद्धतीत समावेश केला. तथापि, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य लक्षणे असलेल्यांनीही, काही वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याविना, स्टेरॉइड घेतल्याचे प्रकार घडले. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते आणि मधुमेहींत बुरशीचा संसर्ग फैलावण्यास वाव मिळतो. म्युकरमायकोसिसच्या उद्रेकामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडचा अतिरेकी वापर हे एक प्रमुख कारण मानले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांना त्याची मोठी झळ बसली. अनेकांनी डोळा, जबडा किंवा प्राण गमावले.

निष्कर्ष हाती, उपचार मात्र कायम

चाचणी होणे जितके आवश्यक, तितकेच तिचा निष्कर्ष वेळेवर अमलात येणेही आवश्यक असते. बरे झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव, म्हणजेच प्लाझ्मा, देण्याच्या जुन्या उपचाराची चाचणी आयसीएमआरने एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केली. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टाळणे, यांपैकी काहीच प्लाझ्माने साधले नाही. हा निष्कर्ष त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून मे २०२१ मध्ये वगळला गेला. तोपर्यंत दुसऱ्या लाटेत असंख्य कुटुंबे समाजमाध्यमांवरून प्लाझ्मादात्यांचा शोध घेत होती.

त्याच मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून पाच दिवस आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. हे औषध केवळ चाचण्यांपुरतेच वापरावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच केली होती. भारताच्या राष्ट्रीय सूचनांतून आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सप्टेंबर २०२१ मध्ये वगळण्यात आले. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांवरील चाचणीतही आयव्हरमेक्टिनने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटवले नाही.

पुढील साथीची तयारी

‘रिकव्हरी’ चाचणीचा पहिला आराखडा तयार झाल्यापासून नवव्या दिवशी पहिला रुग्ण तीत सहभागी झाला. चाचणीची रचना साधी ठेवल्याने आणि सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालये एका सूत्रात बांधली असल्याने हे शक्य झाले. भर साथीत, टाळेबंदीच्या काळात ३९ रुग्णालयांत चाचणी पूर्ण करून भारतानेही आपली क्षमता दाखवून दिली आहे. अशी यंत्रणा साथ येण्यापूर्वीच सज्ज असणे, नैतिक मान्यतेची प्रक्रिया आधीच ठरलेली असणे आणि निष्कर्ष हाती येताच मार्गदर्शक सूचना बदलण्याची जबाबदारी निश्चित असणे, या तीन गोष्टींवर पुढील वेळी बरेच काही अवलंबून राहील.

सामान्य रुग्णाच्या दृष्टीने नव्या साथीत एखाद्या परिचित गोळीचे नाव पुढे आले, तर दोन प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. तिचा उपयोग माणसांवरील तुलनात्मक चाचणीत दिसला आहे काय? आणि तो आजाराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यात दिसला आहे? डेक्सामेथासोनकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती. त्यांतील दुसऱ्या उत्तराकडे दुर्लक्ष झाले, तेथे त्याच औषधाने रुग्णांना अपाय केला.