व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना जाणत्याची सोबत



आपल्या गटांतली बरीच मुले-मुली आता पदवीनंतर एम.बी.ए. करतात. शिवारात भेटलेले सभासद आम्हांस विचारतात, "साहेब, या शिक्षणाचा कारखान्याला उपयोग काय?" उपयोग आहे, पण नुसत्या पुस्तकाने होत नाही.

म्हणून पुष्कळ व्यवस्थापन संस्था विद्यार्थ्याची गाठ उद्योगातल्या अनुभवी अधिकाऱ्याशी घालून देतात. त्याला 'मेंटॉर' म्हणतात. आपण वाटाड्या म्हणू. तो प्राध्यापकासारखे शिकवीत नाही आणि नोकरीची हमीही देत नाही. निर्णय कसा घेतात ते तो दाखवितो आणि विद्यार्थ्याला विचारतो, "तू काय केले असतेस? का?"

आपल्याच कामातले उदाहरण घेऊ. नोव्हेंबरात एखादा विद्यार्थी तोडणीचा कार्यक्रम आखतो : जवळचा ऊस आधी आणा, वाहतूक वाचेल. हिशेब बरोबर दिसतो. जाणता अधिकारी त्याला जवळच्या फडात नेतो. तो ऊस फेब्रुवारीतल्या सुरू लागणीचा, जेमतेम नऊ महिन्यांचा. हॅन्ड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघितला की पोराच्या लक्षात येते, माल कच्चा आहे. लांबचा आदल्या जुलैतला आडसाली मात्र सोळा महिन्यांचा, तोडणीला आलेला. कच्चा ऊस गाळला तर उतारा घटतो, आणि एफ.आर.पी. उताऱ्याशी बांधलेली असल्याने मार सभासदाच्या बिलाला बसतो. शिवाय तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. ही गोष्ट फडात उभे राहून कळली, की जन्मभर विसरत नाही.

सहकारात ही रीत जुनी आहे. वर्गीस कुरियन १९४९ साली आणंदला आले ते अभियंता म्हणून. सहकाराचे काम ते त्रिभुवनदास पटेलांच्या सोबत राहून शिकले. पुढे १९७९ साली आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची 'इर्मा' संस्था निघाली. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात खेड्यात राहून काम करणे आहेच. २०२५ साली संसदेच्या कायद्याने या संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले.

पथ्ये दोन्हीकडून पाळावी लागतात. अधिकाऱ्याने मुलाला फायली उचलायला ठेवू नये. एक खरा प्रश्न सोपवावा, चुकू द्यावे आणि चुकले तिथे बसून समजावावे. विद्यार्थ्याने वही ठेवावी, वेळ पाळावी आणि ओळखीचा उपयोग शिफारशीसाठी करू नये.

यात आपला स्वार्थही आहे. तीस-तीस हंगाम पाहिलेली माणसे निवृत्त होतात, आणि त्यांच्या डोक्यातले ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जाते. ते कोणाच्या तरी हाती गेले पाहिजे. आपली शिकलेली पोरं शहरात राहतील किंवा परत येतील, तो त्यांचा विचार. पण परत येण्यासारखे काम इथे आहे, हे त्यांना दाखवायला नको का? तेव्हा ज्यांची मुले एम.बी.ए. करीत आहेत त्यांनी सुट्टीत त्यांना आमच्याकडे जरूर पाठवावे. फड दाखवायला आम्ही तयार आहोत.

— ऊस विकास अधिकारी