डॉक्टर होण्याआधी संशोधन: प्रयोगशाळेत की रुग्णांसोबत?

रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी काही काका-काकू खुर्चीतून उठत नाहीत. "डॉक्टर, नातीचं जरा विचारायचं होतं." नात अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मेडिकलला जायचे आहे. तिच्यापुढे दोन संधी आहेत: एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम करणे, किंवा हॉस्पिटलमध्ये रुग्णांवर चाललेल्या एका अभ्यासात मदत करणे. "कुठे जाऊ, असं विचारतेय. तुम्हीच सांगा."

हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहितो आहे. तुमच्या घरात असे कोणी नसले तरी वाचा. कधीतरी रुग्ण म्हणून तुम्हीही अशा विद्यार्थ्यासमोर बसाल.

आधी हे पाहा: मूल शिकणार कोणत्या देशात?

भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. तिथे संशोधनाला गुण नाहीत. त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलाला कोणी "रिसर्चचं सर्टिफिकेट घेऊन ठेव" असे सांगत असेल, तर त्यावर वेळ आणि पैसा घालवू नका. संशोधनाची आवड असेल तर एमबीबीएसला गेल्यावर संधी मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधनाची योजना आहे. पुढे एमडी-एमएसला तर प्रबंध लिहावाच लागतो.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग एमकॅट परीक्षा आणि त्यानंतर मेडिकल स्कूल असा क्रम असतो. बहुतेक मेडिकल स्कूल ज्या सामाईक अर्जातून प्रवेश देतात, त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव लिहिता येतात. त्यांतले ३ सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांच्याबद्दल अधिक लिहायचे असते. बहुतेक ठिकाणी संशोधनाची सक्ती नसते, पण संशोधनावर भर देणाऱ्या मेडिकल स्कूलमध्ये त्याला वजन असते. एमडी आणि पीएचडी एकत्र करायची असेल, तर भरीव संशोधन हवेच.

आपल्याकडच्या कुटुंबांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्या विद्यार्थ्यांना तिथली अनेक मेडिकल स्कूल प्रवेश देत नाहीत. मूल व्हिसावर असेल, तर संशोधनाचा विचार करण्याआधी ही चौकशी करा.

दोन्हींत फरक काय?

जुलाबात आपण जी जलसंजीवनी देतो, तिचे उदाहरण घ्या. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात, अशी मांडणी केली. हे प्रयोगशाळेतले संशोधन. शरीरात 'हे कसे घडते?' हा त्याचा प्रश्न.

पण पटकीचा माणूस समोर निपचित पडलेला असताना तोंडाने दिलेले साखर-मिठाचे पाणी त्याला वाचवेल का, हे क्रेन यांच्या प्रयोगावरून कळणार नव्हते. ते रुग्णांना देऊनच पाहावे लागले. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तसा अभ्यास केला. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी मोठ्या प्रमाणावर तयार करून रुग्णांना तोंडाने दिले. अनेकांना ते पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हे रुग्णांवरचे, म्हणजे क्लिनिकल संशोधन. 'याचा माणसाला उपयोग होतो का?' हा त्याचा प्रश्न.

दोन्हींत एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असे काही नाही. क्लिनिकल संशोधन हॉस्पिटलच्या चार भिंतींतच होते असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोजचे काम कसे असते?

*प्रयोगशाळेत:* सुरुवातीचे काही महिने शिकण्यातच जातात. द्रावणे तयार करणे, पेशी वाढवणे, पिपेटने अगदी थोडे थेंब मोजून घालणे, तोच प्रयोग पुन्हा करणे. तीन आठवडे वाढवलेल्या पेशींना बुरशी लागली, की पुन्हा पहिल्यापासून. यातून चिकाटी येते. आपला अंदाज चुकला, हे पुराव्यासमोर मान्य करण्याची सवयही लागते. मात्र आठवड्यातून दोन-तीन तास देऊन इथे काही हाती लागत नाही. सलग वर्षभर तरी वेळ हवा.

*क्लिनिकल संशोधनात:* इथे दोन प्रकार आहेत आणि विद्यार्थी नेमके हेच विचारायला विसरतात. पहिल्या प्रकारात जुन्या केसपेपरवरून माहिती काढून तक्ते भरायचे असतात. सगळे काम संगणकासमोर चालते, रुग्ण दिसतही नाही. दुसऱ्या प्रकारात रुग्णांना अभ्यासाची माहिती देणे, प्रश्नावली भरून घेणे, पुढच्या तपासणीसाठी फोन करणे अशी कामे असतात. नैतिक समितीची परवानगी येईपर्यंत कधी काही महिने थांबावेही लागते.

मग निवड कशी करावी?

मी नातीला तीन प्रश्न विचारायला सांगतो.

१. तुला नेमके काय तपासून पाहायचे आहे? "मला डॉक्टर व्हायला आवडेल का?" हीच शंका असेल, तर रुग्ण भेटतील असे काम घे. आजारी माणसांसोबत दिवस काढल्याशिवाय ही शंका फिटत नाही. "हे असं का होतं?" हा प्रश्न झोप लागू देत नसेल, तर प्रयोगशाळा घे.

२. वेळ किती आहे? सलग दीड-दोन वर्षे असतील तर दोन्ही शक्य आहे. फक्त एक उन्हाळा असेल, तर क्लिनिकल अभ्यासातले नेमून दिलेले काम पूर्ण होण्याची शक्यता जास्त.

३. शिकवणारे कोण आहे? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत मोठा. नावाजलेल्या ठिकाणी कोणी लक्ष देणार नसेल, तर साध्या ठिकाणचा वेळ देणारा मार्गदर्शक बरा.

एक गैरसमज मात्र दूर करा. प्रयोगशाळेतले तास रुग्णांसोबतचा अनुभव म्हणून धरले जात नाहीत. केसपेपर वाचण्याचे तासही नाहीत. ते काम निवडले, तर रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात स्वयंसेवा वेगळी करावी लागेल.

होकार देण्याआधी हे विचारा

- रोज माझे काम कोण पाहणार?
- पहिल्या तीन महिन्यांत मी प्रत्यक्ष काय करणार?
- रुग्ण भेटतील की फक्त त्यांची कागदपत्रे?
- अभ्यासाला नैतिक समितीची परवानगी आहे का?
- शोधनिबंध झाला तर कोणाचे नाव कशाच्या आधारावर येणार?

पैसे घेऊन "शोधनिबंधात नाव" मिळवून देणाऱ्यांपासून लांब राहा. मुलाखतीत त्या निबंधावर दोन साधे प्रश्न आले, तरी मूल उघडे पडते. शिवाय न केलेल्या कामावर नाव लावून डॉक्टरकीची सुरुवात करू नये.

रुग्णासमोर बसताना

मी प्रयोगशाळेत संशोधन केलेले नाही. माझा अनुभव इंटर्नशिपमधला आहे. एका गावात जुन्या खोकल्याच्या पाहणीचे फॉर्म भरायचे होते. दुपारपर्यंत चाळीस घरे करायची होती. एका आजींना मी भराभर प्रश्न विचारत होतो. त्या मधेच म्हणाल्या, "डाक्टर, ह्ये लिवून माझा खोकला जाईल का?"

खरे उत्तर 'नाही' हे होते, आणि ते मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते. त्यांना वाटत होते की उपचार सुरू झाले. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि त्यांना थुंकीच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. त्या दिवशी चाळीस घरे झाली नाहीत.

क्लिनिकल संशोधनात जाणाऱ्या मुलाला घरूनच हे सांगून पाठवा. तू अजून डॉक्टर नाहीस, हे रुग्णाला आधी सांग. औषधाबद्दल सल्ला देऊ नकोस. रुग्णाची माहिती, फोटो किंवा रिपोर्ट मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस.

आणि तुम्ही रुग्ण असाल तर: अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचे. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा, शंका विचारा. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात, तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*चुकीची निवड झाली तर?*
सहा महिन्यांनी बदलता येते. काम अर्धवट न टाकता, मार्गदर्शकांना सांगून, नोंदी नीट सोपवून बाहेर पडावे.

*संशोधन केलेच नाही तर डॉक्टर होता येणार नाही का?*
येते. चांगले उपचार करणारे असंख्य डॉक्टर संशोधनात कधी पडले नाहीत. पण नवे औषध हातात आल्यावर "हे कोणावर तपासलंय?" असे विचारता आले पाहिजे. संशोधनाची थोडी ओळख असली की ही सवय लवकर लागते.

*प्रयोग फसला, हाती काहीच आले नाही, तर?*
तसे प्रामाणिकपणे लिहावे. काय केले, काय चुकले आणि त्यातून काय समजले, हे ज्याला सांगता येते त्याचे वर्ष वाया गेलेले नसते.

त्या काकांच्या नातीला मी फोनवर एवढेच विचारले, की आतापर्यंत आजारी माणसाजवळ ती किती वेळ बसली आहे. ती म्हणाली, "आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी दोन दिवस." मी म्हटले, मग या वर्षी हॉस्पिटलचे काम घे. प्रयोगशाळा पुढच्या वर्षीही असेल.