वाट चुकलेल्या पेशी

9 ऑक्टोबर 2018 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हन विभागातल्या गॅसवाहिनीवर काम चालू असताना आग भडकली. नऊजण त्याच दिवशी गेले. मृतांचा आकडा पुढच्या दिवसांत वाढत गेला. भिलाईत ‘सेक्टर नाइन’ म्हटलं की जवाहरलाल नेहरू रुग्णालय, आणि तिथला भाजलेल्यांचा विभाग. 1959 मध्ये जिथे कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, त्या गावाला असा विभाग लागणारच.

मोठ्या प्रमाणात भाजलेला माणूस पहिल्या काही दिवसांतून निभावला, तरी पुढे अनेकदा जंतुसंसर्गाने दगावतो. कातडी जळाली, जंतूंना दार उघडं मिळालं, हे उघड कारण. पण अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. जंतूंशी लढणाऱ्या या पांढऱ्या पेशी मग असतात कुठे?

न्यूट्रोफिल रासायनिक खुणांचा माग काढत चालतो. इंटरल्यूकिन-8 ही त्यांतली एक खूण 1987 मध्ये सापडली. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर असे रेणू चिकटून बसतात. वाहत्या रक्तातला न्यूट्रोफिल तिथे घरंगळतो, थांबतो, भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. मग खुणेचं प्रमाण जिकडे वाढतं तिकडे सरकतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकांपाशी खुणेच्या प्रमाणात एखाद्या टक्क्याचा फरक असला तरी त्याला दिशा कळते, असं सॅली झिग्मंड यांनी 1977 मध्ये दाखवलं.

खुणांमध्येही मानपान आहे. 2010 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी उंदराच्या यकृतावर बारीकसा चटका देऊन पाहिलं. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतल्या केमोकाइनच्या, म्हणजे इंटरल्यूकिन-8सारख्या खुणांच्या, आधाराने जवळपर्यंत आले. पण अगदी मेलेल्या भागात शिरायला मृत पेशींतून सांडलेल्या फॉर्मिल पेप्टाइडांनी बोलावलं. ही पेप्टाइडं पेशीच्या ऊर्जाघरांतली, म्हणजे मायटोकाँड्रियातली, आणि मायटोकाँड्रिया मुळात जिवाणूंचे वंशज. स्वतःच्याच जळालेल्या पेशीला शरीर जंतूसारखं ओळखतं, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

चटका लहान असेल तर हे बिनबोभाट पार पडतं. अर्धं अंग भाजलं की त्या खुणा रक्तातच पसरतात. फोडणीचा वास घरभर कोंदला की नाकाने स्वयंपाकघर शोधता येत नाही, तशी गत. शिवाय खूण टिपणारे ग्राहक रेणू सतत भडिमार झाला की पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. मग खूण असूनही ती जाणवत नाही. अमेरिकी लष्कराच्या शल्यसंशोधन संस्थेतल्या वॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्येच नोंदवलं होतं: भाजलेला भाग जितका मोठा, तितकी न्यूट्रोफिलांची दिशेने चालण्याची ताकद कमी.

बॉस्टनमध्ये डॅनियल इरिमिया यांच्या गटाने केसाहून बारीक नळ्यांच्या चिपमध्ये भाजलेल्या रुग्णांचे न्यूट्रोफिल सोडले. त्यांतल्या सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला बेताल, जीवघेणा प्रतिसाद) झालेल्यांच्या पेशी समोर कसलीही खूण नसताना आपोआपच भटकत होत्या. 2018 मध्ये, म्हणजे भिलाईच्या आगीच्याच वर्षी, याच भटकण्यावरून रक्ताच्या एका थेंबात सेप्सिस ओळखण्याची चाचणी त्यांनी मांडली.

तिचं मोल वॉर्डात कळतं. मोठ्या प्रमाणात भाजलेल्याला ताप असतोच, नाडी जलद असतेच, पांढऱ्या पेशींचा आकडाही वरखाली होतच असतो. त्यावरून सेप्सिस झालाय की नाही हे सांगता येत नाही. रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला, म्हणजे कल्चरला, एक-दोन दिवस तरी लागतात. प्रतिजैविक आत्ता द्यायचं की थांबायचं, हे डॉक्टरला मात्र त्याच तासात ठरवावं लागतं.