‘लिंक गेलीय’ म्हणजे नेमकं काय गेलंय? नेटवर्किंगची नोकरी आणि कानात ऐकायचे पॉडकास्ट

संकेश्वर : पासबुक घेऊन बँकेत गेल्यावर कधी ना कधी हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं. ‘लिंक गेलीय, दुपारनं या.’ कशानं गेली विचारलं, तर काउंटरवरचा माणूस वर बोट करतो. वरूनच गेलीय म्हणतो. हे ‘वर’ म्हणजे कुठं, तिथं कोण बसलेलं असतं आणि लिंक परत आणायला तो माणूस काय करतो, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या माणसाच्या कामाला नेटवर्क इंजिनिअरिंग म्हणतात. बँक, रेल्वे, दवाखाना, साखर कारखाना, मोबाइल कंपनी, सगळीकडं त्याची गरज असते. तरीही आपल्या भागात ‘पोरगं कॉम्प्युटर शिकतंय’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सॉफ्टवेअर येतं.

संकेश्वरला लागून असलेल्या निडसोशीत हिराशुगर इन्स्टिट्यूट १९९६ पासून आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय तर बेळगावातच आहे. म्हणजे शिकायची सोय जवळ आहे. अडतं ते पुढं. ज्याचा मामा किंवा चुलतभाऊ पुण्यात, बेंगळुरूत आयटी कंपनीत आहे, त्याला घरबसल्या कळतं की कुठली नोकरी कशी असते, मुलाखतीत काय विचारतात, कुठला कोर्स करण्यात पैसे वाया जातात. ज्याचं तिथं कुणीच नाही, त्यानं कुणाला विचारायचं? हे विचारायचं एक ठिकाण म्हणजे पॉडकास्ट. फुकट आहे, आणि फोन आपल्या खिशातच असतो.

पॉडकास्ट म्हणजे रेकॉर्ड केलेला, हवा तेव्हा ऐकायचा रेडिओ कार्यक्रम. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट हे दोन शब्द जोडून २००४ मध्ये हा शब्द तयार झाला. आता आयपॉड गेला, शब्द राहिला. मराठीत गप्पांचे, मुलाखतींचे पॉडकास्ट बरेच ऐकले जातात. पण नेटवर्किंगच्या धंद्यातले जुने, नावाजलेले पॉडकास्ट इंग्रजीतच आहेत.

त्यातलं ठळक नाव ‘पॅकेट पुशर्स’. ग्रेग फेरो आणि इथन बँक्स या दोन नेटवर्क इंजिनिअरांनी २०१० मध्ये ते सुरू केलं. आज त्याच्या छत्राखाली अनेक कार्यक्रम आहेत. ‘हेवी नेटवर्किंग’मध्ये एकाच तांत्रिक विषयावर तासभर चर्चा होते. ‘नेटवर्क ब्रेक’मध्ये आठवड्याच्या बातम्या. ‘एन इज फॉर नेटवर्किंग’ खास नवख्यांसाठी आहे. नवीन माणसानं तिथूनच सुरुवात करावी, कारण ‘हेवी’ हे नाव काही उगाच दिलेलं नाही.

नोकरी, मुलाखत, कामाचा ताण अशा गोष्टींसाठी ‘द आर्ट ऑफ नेटवर्क इंजिनिअरिंग’ जास्त उपयोगी. हा २०२० मध्ये सुरू झाला. त्याच्या सूत्रधारांपैकी अँडी लॅपटेफ यांनी घरोघरी केबल जोडण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि शिकत शिकत नेटवर्क इंजिनिअर झाले. आपल्याकडं शिडी खांद्यावर घेऊन फायबर ओढणारी, गल्लीगल्लीत राउटर बसवणारी किती पोरं आहेत. त्यांना आपण याच धंद्याच्या पहिल्या पायरीवर उभे आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं.

या कार्यक्रमांत ऐकायला काय मिळतं, ते एका खऱ्या घटनेवरून समजून घेता येईल. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री नऊ वाजून गेले आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं एकदम बंद पडलं. अनेकांनी फोन बंद करून चालू केला, रिचार्ज संपला का बघितलं. सेवा पूर्ववत व्हायला पहाटेचे साडेतीन वाजले. म्हणजे सुमारे सहा तास.

झालं होतं असं. कंपनीची जगभरची डेटा सेंटरं जोडणाऱ्या फायबरच्या जाळ्याची क्षमता तपासायला देखभालीच्या वेळी एक कमांड दिली गेली. तिनं तपासणी करायच्या ऐवजी ते जाळंच तोडलं. अशी चुकीची कमांड अडवणारं एक सॉफ्टवेअर होतं, पण नेमका त्यातच दोष निघाला. मग दुसरा फटका. नावावरून पत्ता शोधून देणारे जे सर्व्हर असतात, ज्यांना डीएनएस म्हणतात, त्यांना डेटा सेंटर दिसेना. तेव्हा त्यांनी ठरलेल्या नियमाप्रमाणं ‘इकडं येऊ नका’ म्हणत आपल्याकडं येणाऱ्या वाटांची घोषणा मागं घेतली.

ही घोषणा ज्या पद्धतीनं होते तिला बीजीपी म्हणतात. ती समजायला संकेश्वरचा महामार्ग पुरे. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून आलेली गाडी इथं पाटी बघून गडहिंग्लज, आजरा, आंबोलीकडं वळते. समजा एका रात्रीत सगळ्या पाट्या काढल्या. रस्ता आहे, गडहिंग्लजही जागेवर आहे, पण परक्या ड्रायव्हरला वळायचं कुठं ते कळणार नाही. सीमाभागात पाटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको! फेसबुकनं त्या रात्री आपल्याच पाट्या आपल्याच हातानं उतरवल्या होत्या.

दुरून दुरुस्ती करायची, तर तो मार्गही त्याच नेटवर्कवरून जात होता. शेवटी इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये स्वतः जावं लागलं. तिथली सुरक्षा इतकी कडक, की आत जाऊन यंत्रांना हात लावेपर्यंतही वेळ गेला. कंपनीनं हा खुलासा जाहीर केला. तो लिहिणारे अधिकारी होते संतोष जनार्दन.

अशा घटनेनंतर पॉडकास्टवर इंजिनिअर मंडळी बसून चिरफाड करतात. कमांड का चुकली, परतीचा मार्ग वेगळा का ठेवला नव्हता, आपल्या कंपनीत असं झालं तर काय. पाठ्यपुस्तकात बीजीपीची व्याख्या असते. ती चुकली की काय होतं आणि चूक झाल्यावर अनुभवी माणसं कुठल्या सुरात बोलतात, हे ऐकूनच कळतं.

सीमाभागातल्या मुलांसाठी ऐकण्याचा आणखी एक फायदा आहे. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, मोबाइलवर हिंदी. तीन भाषांत वावरणारं पोरगं मुलाखतीच्या खोलीत इंग्रजीत मात्र अडखळतं. विषय येत असतो, तोंड उघडत नाही. वर्गातलं इंग्रजी आणि कामावरचं इंग्रजी यांत फरक असतो. ‘तिकीट’ म्हणजे तक्रारीची नोंद, ‘एस्कलेट करणं’ म्हणजे आपल्याच्यानं होईना म्हणून वरच्याकडं देणं, ‘चेंज विंडो’ म्हणजे बदल करायला दिलेली ठराविक, बहुतेक वेळा रात्रीची वेळ, ‘रोलबॅक’ म्हणजे बिघडलं तर आधी होतं तसं करून ठेवणं. हे शब्द रोज कानावर पडले की तोंडात बसतात. संकेश्वरहून बेळगावला जायचे पन्नासेक किलोमीटर आणि यायचे तेवढेच, एवढ्यात एक भाग आरामात ऐकून होतो. सुरुवातीला अर्धं डोक्यावरून जातं. उच्चार अमेरिकन, वेग जास्त. फोनवर वेग थोडा कमी करता येतो, तो करावा.

मात्र सगळंच कानानं शिकता येत नाही. सबनेटिंग घ्या. १९२.१६८.१.० हे /२४ चं नेटवर्क म्हणजे २५६ पत्ते, त्यातले वापरायला २५४. त्याच्या चार सारख्या वाटण्या केल्या, म्हणजे /२६ केलं, की प्रत्येक वाटणीत ६४ पत्ते येतात आणि वापरायला ६२ उरतात, कारण पहिला आणि शेवटचा राखीव. एकराचे ४० गुंठे आणि चार भावांत दहा-दहा, इतकाच सरळ हिशेब. पण बांध नेमका कुठं पडतो, हे कागद-पेन घेऊन पन्नास वेळा काढल्याशिवाय हाताला वळण लागत नाही. त्यासाठी सिस्को कंपनीचं ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. खोटे राउटर, खोट्या वायरी, पण कमांड खऱ्यासारख्या. बस नुसती ऐकत काढली आणि घरी येऊन लॅब केलीच नाही, तर पोरगं बोलण्यात हुशार होईल, कामात नाही. अशी माणसं मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडतात.

सीसीएनए ही या क्षेत्रातली ओळखीची परीक्षा. दोन तासांची, फी ३०० डॉलर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या वर, शिवाय कर वेगळा. तीन वर्षांनी तिची मुदत संपते. सर्वांत जास्त, २५ टक्के, भार एका नेटवर्कवरून दुसऱ्या नेटवर्ककडं वाट काढण्यावर, म्हणजे राउटिंगवर असतो. दहा टक्के भाग ऑटोमेशनचा आहे. शंभर राउटरवर हातानं कमांड देण्यापेक्षा प्रोग्रॅम लिहून द्यायची, असा तो प्रकार. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लासला कर्ज काढून फी भरायच्या आधी महिनाभर हे कार्यक्रम ऐकले, तर निदान एवढं तरी कळेल की हे काम आपल्याला आवडणार आहे की नाही.

ऐकताना दोन गोष्टींचं भान हवं. काही भाग उपकरणं विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशातून होतात. पॅकेट पुशर्सचं ‘टेक बाइट्स’ तसंच आहे आणि ते प्रायोजित असल्याचं स्पष्ट सांगतात. तिथं त्या कंपनीचा माल वाईट आहे असं ऐकायला मिळणार नाही. दुसरं म्हणजे पगाराचे आकडे. ते अमेरिकेतले असतात. त्याला डॉलरच्या भावानं गुणून घरी सांगू नये!

आपल्याकडं सुरुवात बहुधा पुणे-बेंगळुरूच्या ‘नॉक’मध्ये होते. नॉक म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारी खोली. भिंतीवर पडदे, लाल दिवा लागला की तिकीट उघडायचं, पहिली तपासणी करायची, जमलं नाही की वर द्यायचं. बँकेचा माणूस बोट दाखवतो ते ‘वर’ साधारण असंच असतं. ग्राहक परदेशातला असेल तर रात्रपाळी आलीच. साखर कारखान्याच्या तीन पाळ्या बघत वाढलेल्या गावाला त्याचं नवल वाटायचं कारण नाही, पण वर्ष-दोन वर्षं त्याच खुर्चीत अडकायची भीती खरी असते. तिथून वर कसं सरकायचं, हा या पॉडकास्टमधला नेहमीचा विषय. बहुतेक पाहुणे जवळपास एकच सांगतात : पाळी संपताना ज्या तिकिटाचं उत्तर आलं नाही ते लिहून घ्या, घरी लॅबमध्ये तसाच बिघाड मुद्दाम करून बघा, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या माणसाला तो कसा सुटला ते विचारा.

डेटा फार लागत नाही. तासाभराच्या आवाजाला साधारण ३० ते ६० एमबी जातात, वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवलं तर तेवढेही नाहीत. फक्त भागाची तारीख बघून घ्यावी. सीसीएनएचा सध्याचा अभ्यासक्रम ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारला गेलाय. त्याआधीच्या भागांत परीक्षेबद्दल सांगितलेलं पडताळून घ्यावं लागेल. फेसबुक बंद पडल्याच्या रात्रीवरचे २०२१ चे भाग मात्र आजही ऐकण्यासारखे आहेत.